कूलर बंद करून

कूलर बंद केल्याशिवाय आवाज साफ येत नाही,
म्हणून मे महिन्यात, दुपारी दोन वाजता,
सोयाबीनच्या बारदान्यानं मढवलेल्या खोलीत
आम्ही दोघं उकडून निघतो.
प्रशिक डोंगरदिवे. सुट्टी अठ्ठावीस दिवस,
त्यातले अकरा गेले.
"वरते उणे बावीस रायते," तो म्हणतो,
"तठी शब्द तोंडातून निघाला का मिशीवर जमते.
अठी निदान वितळते तरी."

माझं दुकान दिग्रस फाट्यावर.
मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज, लग्नाचा साऊंड.
हा माईक बँडवाल्या रमजानचाचाकडून घेतला,
त्याच्या जाळीत अजून कुणाच्या तरी वरातीची धूळ आहे.
प्रशिक पोस्टवरून खाली उतरला की रेंज येते,
मग एकदम नऊ-नऊ व्हॉईस नोट पडतात,
त्यांत वारा जास्त, प्रशिक कमी.
मी रात्री हेडफोन लावून
वाऱ्यातून त्याला वेचतो,
वाळूतून तीळ वेचावे तसा.

जागेचं नाव घ्यायचं नाही.
तुकडीचं नाही. किती जण, तेही नाही.
मग उरलं काय?
उरलेल्यावरच तो लिहितो:
स्टोव्हवर न शिजणारी डाळ,
सरिता नावाची खेचर, जी फक्त शिट्टीला मान देते,
आणि

*बूट ओला, मोजा ओला, घड्याळ म्हने चार,
माय इचारे जेवला का, बॅटरी झाली गार.*

एकशे वीसची बीट लावली की
त्याचा डावा पाय आपोआप आपटतो.
सहा वर्षांचं कदमताल टाचेत बसलं आहे.
मी नव्वदवर आणतो. तो अडखळतो.
"हे कोनाचं चालनं हाय बे?"
"आपलंच. बाजारातून घरी येतानाचं."
तो पुन्हा अडखळतो.

एक मेच्या झेंड्याला सरपंच म्हणाले,
फौजी, काहीतरी जोशाचं होऊन जाऊ दे.
पोलीस भरतीची पोरं पहाटे पाचचं पळून
तशीच घामेजली समोर बसली होती.
यानं खेचरीचं सुरू केलं.
दुसऱ्या कडव्यापर्यंत शाळेच्या मैदानात
फक्त दोरी खांबावर आपटत होती.
मग मागून उकंडराव हसले,
रिटायर हवालदार, कवळी हातात धरून हसले,
हसता हसता दुपट्टा तोंडावर घेतला
आणि बराच वेळ काढला नाही.
त्यांच्या खेचराचं नाव मोती होतं म्हणे.
हे त्यांच्या बायकोलाही आजवर माहीत नव्हतं.

गाणं बाहेर टाकायला परवानगी लागते.
अर्ज दिला आहे, तीन प्रतींत.
साहेबांनी विचारलं, रॅप म्हणजे नेमकं काय?
हा म्हणाला, साहेब, चालता चालता बोलणं.
साहेब म्हणाले, चालताना बोलायला मनाई आहे.
मग दार लोटून, हळू:
"एक ओळ म्हण."
कोणती म्हटली, ते मला सांगत नाही.

सातवा टेक.
लाईन गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच.
डीपीची घरघर थांबली, समोरची गिरणी थांबली,
एवढी शांतता मी या गावात कधी पकडली नव्हती.
तो नव्वदवर चालायला लागला, बीटशिवाय,
टाच न आपटता, हळूहळू,
जसा पिशवी घेऊन कुणी
तुरीच्या धुऱ्यावरून येतो.
"जेवला का" या शब्दांवर आला
आणि नेमकी दारावर थाप.
रेशमाकाकू, हातात पन्ह्याचा तांब्या:
"काहून रे, जेवता का नाही दोघं?"

मी कापायला बोट नेलं.
"राहू दे," तो म्हणाला.

म्हणून अर्ज पुन्हा भरावा लागला.
चौथा रकाना: ध्वनिमुद्रणात अन्य कोणाचा आवाज आहे काय?
त्यानं लिहिलं, आहे. नातं, माय.
"अन् पद? पदाच्या पुढं काय लिवू?"

तेवढ्यात लाईन आली.
मी कूलर लावला.
तो अजून काहीतरी विचारत होता,
ऐकू आलं नाही.